रूप बदललेल्या माणसाला ओळखतं कोण? (अद्भुतकथांतली वेषांतरं)

हरिपूर_रोड

मंडळी, सांगलीत आमचा एक छोटा वाचनकट्टा चालतो. नव्यानं लिहिणारी पोरं तिथं अद्भुतकथा वाचून दाखवतात. राज्यं, किल्ले, मांत्रिक, सगळं असतं आणि लिहितातही झकास. पण एक गोष्ट मला सारखी खटकते. नायक काढा पितो आणि सेनापतीसारखा दिसायला लागतो. पहारेकरी मुजरा करतात, हा आत जातो, नकाशा उचलतो, बाहेर येतो. वाटेत सेनापतीची बायको भेटत नाही. घोडा बुजत नाही. रोज त्याच्याकडून शिक्के घेणारा कारकून मान वर करून बघत नाही. एवढंच करायचं होतं तर दोर टाकून भिंत चढला असता तरी भागलं असतं की!

माझं म्हणणं असं की वेषांतराची गोष्ट ओळखणाऱ्याच्या जिवावर चालते. समोर कुणीतरी असा हवा, ज्याला ओळखता आलं तर काही मिळणार आहे आणि नाही आलं तर सगळं जाणार आहे. नळ-दमयंतीची गोष्ट बघा. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात, म्हणजे एका रांगेत पाच नळ. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली माळ सुकत नाही, अंगावर धूळ बसत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, या खुणा दमयंतीनं थोरामोठ्यांकडून ऐकलेल्या असतात. आपल्याला ही गोष्ट सांगताना इथं थोडी घाई करतात, ‘तिनं खुणांवरून ओळखलं’ म्हणून मोकळे होतात. महाभारतात तसं नाही. ती खुणा शोधते आणि तिला एकाही अंगावर त्या दिसत नाहीत. जादू पक्की आहे. मग ती हात जोडून देवांनाच सांगते की मी नळाला मनानं वरलंय, हे खरं असेल तर तुम्हीच तो दाखवा. त्यानंतर देव आपल्या खुणा उघड्या करतात आणि घामेजलेला, सुकल्या माळेचा, सावली पडणारा एकटा नळ वेगळा दिसतो.

आता याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घ्या. कर्कोटक नाग चावतो आणि नळ कुरूप होतो. बाहुक नावानं अयोध्येला ऋतुपर्णाकडे घोडे आणि स्वयंपाक सांभाळायला राहतो. म्हणजे आधी नळाचं रूप पाच ठिकाणी होतं आणि आता नळ आहे पण रूप कुठंच नाही. एकाच बाईपुढं दोन्ही परीक्षा! या वेळी ती केशिनी नावाच्या दासीला नुसतं बघत बसायला पाठवते. केशिनी येऊन सांगते की ठेंगणं दार आलं तर हा वाकत नाही, दारच उंच होतं. रिकामी घागर त्यानं बघितली की भरते. गवताची मूठ उन्हात धरली की पेटते. तरी दमयंतीचं समाधान होत नाही. ती त्यानं शिजवलेलं मांस मागवून चाखते. नंतर मुलांना पाठवते, तो त्यांना पोटाशी धरून रडतो, तेव्हा कुठं तिची खात्री पटते.

चव आणि रडणं. काढा पिऊन सेनापती झालेल्या आमच्या नायकाला या दोन गोष्टी कुणी विचारतच नाही.

तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या, मतभेद तर द्याच.

विश्रामबागी

भडंगाची पुडी फोडून बसलोय. चालू द्या.

वाळव्याचा_गडी

दादा, आमच्याकडचं उदाहरण राहिलं की ओ. किल्ले मच्छिंद्रगड आमच्या तालुक्यात, गोरखनाथाचं देऊळ शिराळ्यात. आमच्या घरी श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण असतंय, त्यातलं सांगतो. मच्छिंद्रनाथ प्रयागात मेलेल्या त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात. हे वेषांतराच्या पुढचं झालं, परकायाप्रवेश. बारा वर्षांची बोली. आपला देह शिवाच्या देवळात ठेवलेला, गोरखनाथ राखायला. इकडं राजवाड्यात नाथ राजा होऊन राज्य करतोय, धर्मनाथ म्हणून पोरगाही होतो.

आता गंमत बघा. रेवती राणीला कळतं. कळल्यावर ती काय करते? बोंब मारत नाही का शिपाई बोलावत नाही. देह कुठं ठेवलाय ते काढते आणि त्याचे तुकडे करून टाकायला लावते. परत जायला घरच ठेवायचं नाही! का, तर हा आपल्या अंगात परत गेला तर इकडं ती पुन्हा रांडाव होणार. लहानपणी पारायणात हे ऐकताना मला राणी लई दुष्ट वाटायची. आता लग्न झाल्यावर तसं वाटत नाही.

मला विचाराल तर जादूला असा एक नियम पाहिजेच. दुसऱ्याचं अंग घ्यायचं तर आपलं कुठंतरी उघड्यावर टाकायला लागतंय आणि त्याच्यावर पहारा ठेवायला लागतोय. फुकटात काही नाही.

पलूस_पॅसेंजर

+१ वाळवा. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात हेच आहे. बार्टी क्राउच पोरगा वर्षभर मूडी मास्तर बनून शाळेत शिकवतो. त्या काढ्याचा असर तासभर टिकतो आणि त्यात खऱ्या माणसाचा केस लागतो, म्हणून खरा मूडी पेटीत जिवंत कोंडून ठेवावा लागतो. पण मला खरी आवडलेली गोष्ट वेगळी आहे. मूडी आधीपासूनच संशयी, दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही, स्वतःच्या बाटलीतूनच पितो, हे सगळ्या शाळेला माहीत. त्यामुळं नकली मूडी दर तासाला बाटली तोंडाला लावतो आणि कुणाला काही वाटत नाही. खऱ्या माणसाच्या खोडीतच चोर लपलाय. डंबलडोरला कळतं कधी, तर हा नकली मूडी हॅरीला डंबलडोरच्या नजरेआड घेऊन जातो तेव्हा. खरा मूडी असं कधीच करणार नाही एवढ्या एका गोष्टीवरून.

हरिपूर दादा, तुमच्या पोरांना सांगा, आधी सेनापतीची एखादी खोड लिहा. मग त्याचा वेष घ्या.

मिरजेची_मावशी

अरे हरिपूर, लेख छान आहे, पण मला तुझं ते ‘ओळखणाऱ्याच्या जिवावर’ वाचून राग आला. ओळखायची परीक्षा आपल्या गोष्टींत कुणाला बसवतात ते जरा बघ. दमयंतीला. अहल्येला. वृंदेला.

वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात स्पष्ट आहे की गौतमाच्या वेषात आलेला इंद्र आहे हे अहल्येला कळलं होतं. तिला शाप. पुढच्या काळातल्या कथांत तिला ते कळलंच नाही असं सांगतात. तरी शाप आहेच. वृंदेपुढं विष्णू जालंधराचं रूप घेऊन आला, तिनं ओळखला नाही, तर तिचं पातिव्रत्य मोडलं आणि तिकडं नवरा मारला गेला. म्हणजे ओळखलं तरी बाईचं नुकसान, नाही ओळखलं तरी बाईचंच. रूप घेणाऱ्याला मात्र देव म्हणायचं. दमयंतीला देवांनी दया दाखवली म्हणून ती सुटली, एवढाच फरक.

तुझ्या कट्ट्यावरच्या पोरांचा सेनापती बायकोला भेटत नाही हे तुला खटकतं. भेटला तर त्या बाईचं काय होईल, हे त्यांना लिहायला जमणार आहे का, आधी विचार.

हरिपूर_रोड

मावशी, हे नेमकं बोललात. पण मी माझं म्हणणं सोडत नाही. ओळखणाऱ्यावर गोष्ट उभी असते म्हणजे त्याच्यावर दोष उभा असतो असं नव्हे. वृंदेची गोष्ट आपल्या अंगावर येते कारण आपण तिच्या बाजूनं उभे असतो, विष्णूच्या बाजूनं नाही. तिनं विष्णूला शाप दिला, ते गोष्ट सांगणाऱ्यालाही गाळता आलेलं नाही.

मिरजेची_मावशी

शाप दिला आणि तुळस झाली. दरवर्षी त्याच्याशीच लग्न लावतो आपण तिचं. असू दे, पुढं बोला.

पडद्याआड

थोडं नाटकाकडून बोलतो. आपल्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं सीतास्वयंवर उभं केलं तेव्हा सीताही पुरुषच होता. ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात आपण रंगभूमी दिन करतो तो त्याच प्रयोगाचा. पुढं नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. ते पुरुष आहेत हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने करून घ्यायच्या. फसवणूक शून्य. तरी वेष लोकांवर चालला.

सौभद्र घ्या. अर्जुन यती होऊन येतो. सुभद्रेला माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. स्त्री-भूमिकेतला नट समोर, तो सुभद्रा नाही हेही प्रेक्षकाला माहीत आहे. एका रंगमंचावर दोन वेषांतरं, त्यातलं एक ‘खोटं’ आणि एक ‘मान्य’. कादंबरी लिहिणाऱ्यांनी हे शिकावं. वाचकाला आधीच सांगून टाका. मग पुढची चाळीस पानं तो प्रत्येक दार उघडताना श्वास धरून बसतो.

दुसरं, स्वतः बघितलेलं. जत्रेतल्या नाटकांना मी रंगवायला जायचो. स्त्री पार्ट करणारा आमचा एक गडी होता, शेतकरी, पैलवानी अंगाचा. चेहरा रंगवून झाला, टोप बसला, लुगडं नेसवलं की तो खुर्चीवर बसताना दोन्ही गुडघे एकत्र आणायचा. कुणी शिकवलेलं नव्हतं. तोपर्यंत ठीक. पण जत्रा संपल्यावर उसाच्या फडात भेटला, डोक्याला मुंडासं, तोंडात तंबाखू, आणि तांब्यानं पाणी पिताना डावा हात खांद्याकडे जातोय, नसलेला पदर धरायला. मी बघितलं हे त्याच्या लक्षात आलं, तसा त्यानं तोच हात नेऊन मान खाजवली.

तुम्ही सगळे विचारताय की आतला माणूस कशानं उघडा पडतो. वेष आतल्या माणसाला काय करून ठेवतो ते कुणी लिहीत नाही. तासाभरात काढा उतरतो, ठीक. पण वर्षभर मूडी झालेल्या त्या पोराला नंतर स्वतःचा पाय सरळ टाकायला किती दिवस लागले असते?

विश्रामबागी

पडद्याआड काका, हे वाचून भडंग खायचं थांबलं.

सह्याद्री_सावली

विराटपर्व अजून कसं कुणी काढलं नाही? यक्षप्रश्नानंतर यमधर्म पांडवांना वर देतो की तेराव्या वर्षी तुम्ही आपल्या रूपात हिंडलात तरी कुणी ओळखणार नाही. एवढं असूनही सगळे जण जीव तोडून तयारी करतात. शस्त्रं शमीवर. आपापसात वेगळी गुप्त नावं. अर्जुन म्हणतो, माझ्या दोन्ही हातांवर दोरीचे घट्टे आहेत, ते लपणार नाहीत, म्हणून बांगड्या भरतो. दोन्ही हातांनी बाण मारणाऱ्याला दोन्ही हात झाकावे लागतात. सव्यसाची असण्याचा पुरावा बांगडीखाली! आणि शेवटी कौरवांना तो कळतो तो कशानं, तर पळणाऱ्या उत्तराच्या मागं धावताना दिसलेल्या मानेनं, दंडानं आणि चालीनं.

मावशींच्या मुद्द्याला धरून एक. सर्वांत वाईट वेष वाट्याला आला तो द्रौपदीच्या, राणीची दासी सैरंध्री. कीचक भर सभेत तिला लाथ मारतो आणि समोर धर्मराज बसलेला असतो कंक होऊन, राजाशी द्यूत खेळत. तो तिला म्हणतो, सैरंध्री, तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडतेस आणि खेळात विघ्न आणतेस.

मिरजेची_मावशी

हे वाक्य मला कायम टोचलंय. नटी कोण त्या खोलीत? आपण ब्राह्मण असल्याचं सोंग घेऊन फासे टाकणारा तो, आणि खरं रडणारी ती. आणि बघा ना, वेष कंकाचा, पण बायको पणाला लागलेली असताना फासे सोडून न उठणारा माणूस तर जुनाच आहे. त्या दिवशी द्रौपदीनं त्याला पुन्हा एकदा ओळखला असेल.

वाळव्याचा_गडी

मावशी 🙏 काय बोलला!

पाऊस_वेडा

पहिल्यांदाच लिहितोय इथं, बरेच दिवस वाचतो. सगळ्यांनी गृहीत धरलंय की आधीचं रूप खरं आणि बदललेलं रूप खोटं. जन्मानं मुलगी असलेल्या शिखंडीचं काय? स्थूणाकर्ण यक्ष त्याला आपलं पुरुषत्व काही काळापुरतं देतो. उसनवारीच असते. मग कुबेर चिडतो आणि यक्षालाच शाप देतो की आता तू असाच राहा, शिखंडी मरेपर्यंत. त्यामुळं शिखंडीला परत करायला लागतच नाही. म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य तो पुरुष आहे, कायदेशीर म्हणा हवं तर. तरी भीष्म शेवटपर्यंत म्हणतो की मला माहीत आहे हा कोण आहे, मी याच्यावर शस्त्र धरणार नाही.

हरिपूर दादा, तुमच्या हिशोबानं भीष्म हा ‘ओळखणारा’. माझ्या हिशोबानं त्या रणांगणावर शिखंडीला न ओळखणारा तोच एकटा होता. काही माणसांच्या बाबतीत वेष अठरा-वीस वर्षं घातलेला असतो आणि जादू होते तेव्हा तो उतरतो. बघणारे म्हणतात, हा बदलला.

एवढंच. जास्त लिहिलं असेल तर माफ करा.

मिरजेची_मावशी

जास्त कसलं रे. लिहीत राहा.

हरिपूर_रोड

पाऊस, स्वागत. तुमची पोस्ट मी कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे, चालत असेल तर. भीष्मावर एवढंच म्हणतो की तो चुकीचं ओळखतो आणि त्यातच त्याचं मरण आहे, म्हणून तो मला गोष्टीत हवाच. ओळखणारा बरोबर असलाच पाहिजे असं मी कुठं म्हटलंय?

पाऊस_वेडा

चालेल. नाव तेवढं हेच ठेवा.

यवतेश्वर_घाट

साताऱ्याहून. मी अशीच एक कादंबरी लिहितेय, अर्ध्यात अडकलेय, म्हणून तुमच्या धाग्यात घुसते. काल्पनिक संस्थान आहे, पण डोंगर आमच्याकडचेच. नायिकेची मोठी बहीण सासरी मेली. आजारपणानं गेली की घातपात झाला हे कळायला मार्ग नाही. तिकडच्यांनी मृत्यू लपवून ठेवलाय, कारण वतन बहिणीच्या नावावर आहे. नायिकेला एक तोडा मिळतो. तो हातात आहे तोवर ती हुबेहूब बहिणीसारखी दिसते. काढला की उतरलं. ती बहीण म्हणून वाड्यात जाते. वाड्यात बहिणीचं चार वर्षांचं पोर आहे आणि आजेसासू आहे. तिला पहिल्यांदा कुणी ओळखावं? मी पोराला ओळखू देत होते, पण ते फार गोग्गोड होतंय.

पलूस_पॅसेंजर

ताई, ज्यांनी मृत्यू लपवलाय ते तर पहिल्याच दिवशी ओळखणार ना? मेलेली बाई दारात उभी म्हटल्यावर! आणि ते ओरडूही शकत नाहीत. भारी आहे हे. पोराला बाजूला ठेवा.

पडद्याआड

पोर तिला आई म्हणून लगेच घेईल. त्याला आई हवी आहे, ते तपासत बसणार नाही. नायिकेला त्याचाच त्रास होऊ दे.

मिरजेची_मावशी

आजेसासूनं ओळखावं, आणि भाकरीवरून ओळखावं. दमयंतीनं चाखून बघितलं तसंच. तोड्यानं हात बहिणीचे दिसतील, पण थापायची पद्धत तुझ्या नायिकेची राहणार. कुणी मधून कडेला थापत नेतं, कुणी कडा आधी दाबून घेतं, कुणाची भाकरी एका बाजूला कायम जाड राहते. म्हातारीनं इतकी वर्षं मोठीच्या हातची खाल्ली आहे. पहिल्या घासाला कळेल तिला. आणि कळून तिनं गप्प बसावं.

यवतेश्वर_घाट

गप्प का बसेल पण? नातसून मेलेली कळलंय तिला, किंवा कळायला हवं.

वाळव्याचा_गडी

ताई, रेवती राणी आठवा! म्हातारीला वाड्यात ही पोरगी हवीच आहे. पोराला आई, वतनाला मालकीण, आणि तिला स्वतःला बोलायला माणूस. मग ती काय करेल, सोनाराला बोलावून ‘सूनबाईचा तोडा सैल झालाय’ म्हणून तोंडाला डाख लावून बंद करून घेईल. तुकडे करायला नकोत का काय नको. पोरगी बहिणीच्या रूपात अडकली कायमची.

पलूस_पॅसेंजर

आईशप्पथ.

पाऊस_वेडा

आणि नायिकेला ते नको असेल असं आधीच ठरवू नका. तिच्या स्वतःच्या घरी तिला कोण होतं हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.

यवतेश्वर_घाट

थांबा थांबा, लिहून घेतेय. वाळवा दादा, मावशी, भाकरी आणि डाख दोन्ही मी वापरलं तर चालेल ना?

वाळव्याचा_गडी

घ्या की. पुस्तक आलं की एक प्रत वाळव्याला पाठवा म्हणजे झालं.

मिरजेची_मावशी

वापर गं. फक्त एक कर, त्या आजेसासूला नाव दे. मघापासून सगळे नुसतं म्हातारी म्हातारी करतायत.